शाळेतील साथकाळाचे नियम कसे उतरवावेत : नाशिकच्या मुख्याध्यापकांसाठी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांसाठी

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, राज्यातील कोरोनाचे निर्बंध संपूर्ण उठले आणि मास्क ऐच्छिक झाला, तेव्हा दहावीची परीक्षा अजून चालू होती. पाडवा शनिवारी आला होता. सोमवारी सकाळी मी शाळेच्या फाटकाशी पोहोचलो, तर शिपाईमामा नेहमीप्रमाणे थर्मल गन घेऊन उभे होते आणि रांगेतले प्रत्येक मूल कपाळावरचे केस मागे सारून क्षणभर थांबत होते. गनचा पडदा कोरा होता. सेल कधी संपले, असे विचारल्यावर मामा म्हणाले, "झाले असतील दोनेक महिने, सर. पण मुलं थांबतात, रांग मोडत नाही, म्हणून धरून ठेवली."

ती गन शाळेत आली तेव्हा परिपत्रक होते, स्टॉक रजिस्टरमध्ये नोंद होती आणि ती कोणी हाताळायची हेही लेखी ठरले होते. ती जाण्यासाठी मात्र यातले काहीच नव्हते. निर्बंध उठल्याचा आदेश मुंबईहून एका दिवसात येतो. शाळेत रुजलेली सवय, भिंतीवरचे फलक, कपाटातली रसायने आणि पालकांच्या मनातली भीती त्या आदेशाने उतरत नाही. ते काम मुख्याध्यापकाला आणि समितीला स्वतः, क्रमाने, लिहून करावे लागते. आमच्या शाळेत ते उशिरा आणि काहीसे उलटसुलट झाले. पुढच्या साथीच्या वेळी, किंवा आजही जिथे अर्धेमुर्धे नियम कोणाला कारण न कळता चालू आहेत तिथे, ते सरळ व्हावे यासाठी हे लिहिले आहे.

आदेश आधी, ठराव नंतर

साथ चालू असताना शाळेला आपल्या मर्जीने निर्बंध सैल करता येत नाहीत. साथरोग अधिनियम, १८९७ आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ यांखालील आदेश जिल्ह्यात जिल्हाधिकारी आणि शहराच्या हद्दीत महापालिका आयुक्त काढतात, त्यामुळे आपली शाळा नेमकी कोणाच्या हद्दीत येते, हे आधी पाहावे. ही बाब किरकोळ वाटते, पण ४ ऑक्टोबर २०२१ रोजी शाळा उघडल्या तेव्हा ग्रामीण भागात पाचवी ते बारावी आणि शहरात आठवी ते बारावी असे वर्ग सुरू झाले होते. शहराच्या कडेला, आडगाव किंवा म्हसरूळच्या बाजूला, गावातल्या शाळेत जाणारा सहावीचा मुलगा दप्तर घेऊन निघे आणि शहरातल्या शाळेत नाव असलेली त्याची सहावीतलीच चुलत बहीण घरी मोबाइलसमोर बसे. पालक कारण विचारत, तेव्हा हातात आदेशाची प्रत असलेल्या मुख्याध्यापकालाच उत्तर देता येई.

मनपाच्या शाळेने महापालिकेच्या शिक्षण विभागाकडून, जिल्हा परिषदेच्या शाळेने गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत, खासगी अनुदानित माध्यमिक शाळेने माध्यमिक विभागाच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडून आणि पेठ, सुरगाणा, कळवणकडच्या शासकीय आश्रमशाळांनी आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडून अशी प्रत घ्यावी. व्हॉट्सॲपवर फिरणारे छायाचित्र म्हणजे प्रत नव्हे. त्यात तारीख बहुधा कापलेली असते. प्रत मिळाल्यावर शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बोलवावी. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणून इथे झालेला ठराव पुढे पालकांसमोर टिकतो. ठराव एका ओळीत "सर्व निर्बंध रद्द" असा न लिहिता कोणता उपाय कोणत्या तारखेला उतरणार, हे इतिवृत्तात स्वतंत्रपणे नोंदवावे.

फाटकापासून शेवटच्या स्वच्छतागृहापर्यंत

ठरावाआधी एक वही करावी आणि शाळा सुटल्यावर फाटकापासून शेवटच्या स्वच्छतागृहापर्यंत चालत जाऊन साथीमुळे सुरू झालेली प्रत्येक गोष्ट तीत टिपावी : जमिनीवर रंगवलेली वर्तुळे, एक आड एक फुली मारलेले बाक, बंद केलेला पाण्याचा नळ, कुलूप लावलेले ग्रंथालय, दोन वेळांत विभागलेली मधली सुट्टी, वर्गाबाहेर सॅनिटायझरची बाटली अडकवलेला खिळा. या फेरीला एक शिक्षक, एक शिपाई आणि नववीतले दोन विद्यार्थी बरोबर घ्यावेत. कोणता नियम जिवंत आहे आणि कोणता कधीच मेला आहे, हे मुलांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. आमच्या फेरीत एका मुलीनेच दाखवून दिले की जिन्यावरचे "वर जाण्याचा मार्ग" आणि "खाली येण्याचा मार्ग" हे दोन्ही बाण कोणीतरी एकाच बाजूला चिकटवले होते आणि दीड महिन्यात ते कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

प्रत्येक नोंदीसमोर पाच गोष्टी लिहाव्यात : हा उपाय कशासाठी लावला, आज तो ते काम करतो का, रोज किती वेळ आणि पैसा खातो, तो कोण पाहतो, आणि तो उतरवल्यावर कोणत्या कारणाने परत लावावा लागेल. शेवटचा रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो, पण तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. परतीची अट आधीच लिहिलेली असली की उतरवताना हात थरथरत नाही.

वही भरली की क्रम आपोआप दिसू लागतो. कोरोनाचा विषाणू मुख्यतः श्वासातून बाहेर पडून बंद जागेतल्या हवेतून पसरतो, हे आता पक्के झाले आहे. म्हणून जे उपाय केवळ दाखवण्यापुरते उरले आहेत ते पहिल्यांदा जावेत, माणसामाणसांतले अंतर त्यानंतर, मास्क त्याच्याही नंतर. खिडक्या, साबण आणि आजारी मुलाला घरी ठेवण्याची सवलत या तीन गोष्टी मुळात निर्बंध नव्हेतच, त्यामुळे त्या उतरवायच्या यादीत धरू नयेत. बहुतेक शाळांत नेमके उलटे झाले : आदेश आला त्याच आठवड्यात खिडक्या बंद झाल्या आणि फवारणीचा डबा मात्र वर्षभर राहिला.

आधी जाणाऱ्या वस्तू, आणि रसायनांचा धोका

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्येच सांगितले होते की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी असते. त्यामुळे बाकांवर रोज हायपोक्लोराइट (ब्लीचसारखे जंतुनाशक) फवारणे, वह्या दोन दिवस बाजूला ठेवून मग तपासणे, पुस्तके उन्हात पसरणे हे सर्व पहिल्याच टप्प्यात बंद करावे. रोजचा केर, आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसणे आणि स्वच्छतागृहांची नेहमीची सफाई पुरेशी आहे. फाटकावरचे ताप मोजणेही याच टप्प्यात थांबवावे, कारण ताप येण्याआधीच मूल संसर्ग पसरवू शकते आणि सकाळी गोळी घेऊन आलेले मूल गनसमोरून सहज पुढे जाते. गन फेकू नये. सेल काढून ती प्रथमोपचाराच्या कपाटात ठेवावी, म्हणजे वर्गात कोणी कण्हू लागले तर उपयोगी पडेल. सेल आत राहिले तर पाझरून ती कायमची निकामी होते.

उरलेल्या रसायनांबाबत मात्र घाई करू नये. हायपोक्लोराइटचे कॅन उन्हाळ्याच्या तापमानात लवकर निस्तेज होतात, त्यामुळे "पुढच्या साथीसाठी" म्हणून साठवण्यात अर्थ नाही. पण ते संपवण्यासाठी कोणी स्वच्छतागृहात ओतले आणि त्याच फरशीवर आपण ज्याला नुसते "ॲसिड" म्हणतो ते टॉयलेट क्लीनर पडले, तर क्लोरीन वायू तयार होतो. कोंदट जागेत तो क्षणात खोकला, डोळ्यांची आग आणि श्वासाचा त्रास सुरू करतो. सफाई करणाऱ्या ताईंना ही गोष्ट तोंडी आणि दाखवून सांगावी, कारण लेबल बहुधा इंग्रजीत असते. थोडे द्रावण उरले असल्यास ते पाण्यात पातळ करून, इतर कशाशीही न मिसळता, दारे-खिडक्या उघड्या ठेवून फरशीसाठी वापरावे; सीलबंद कॅन असतील तर महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या सफाई विभागाला लेखी पोच घेऊन द्यावेत.

सॅनिटायझरचेही तसेच आहे. त्यात साठ टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असते, म्हणजे पाच लिटरचा कॅन ही ज्वलनशील वस्तू आहे, आणि मी तो पोषण आहाराच्या शेगडीपासून चार हातांवर, तांदळाच्या पोत्यांना टेकवून ठेवलेला पाहिला आहे. प्रयोगशाळेतल्या स्पिरिटच्या दिव्याजवळ तो असणे तितकेच वाईट. एखादी बाटली प्रथमोपचार पेटीत ठेवून बाकीचा साठा आरोग्य केंद्राला द्यावा. हातांसाठी नळ आणि साबण हेच खरे. साथीत बसवलेले हात धुण्याचे नळ काढून टाकू नयेत, आणि साबणाचा खर्च शाळेच्या अनुदानातून वर्षभर होईल अशी तरतूद समितीने करावी. जेवणाआधी आणि शौचानंतर वीस सेकंद हात धुण्याची सवय कोरोनापेक्षा जुलाबाविरुद्ध अधिक कामाची आहे, आणि आपल्या शाळांना तो जुनाच शत्रू आहे.

हे सारे स्टॉक रजिस्टरमधून रीतसर उतरवावे. जडवस्तू नोंदवहीत असलेल्या वस्तूंचे निर्लेखन समितीच्या ठरावानेच व्हावे, अन्यथा दोन वर्षांनी लेखापरीक्षणात "ऑक्सिमीटर चार नग, आढळले दोन" या ओळीवर पुढचा मुख्याध्यापक अडकतो.

अंतर : मैदान पहिले, सभागृह शेवटी

अंतराचे नियम उघड्या जागेपासून बंद जागेकडे उतरवावेत. आधी मैदानावरचे खेळ पूर्ववत करावेत. त्यानंतर मैदानातला परिपाठ, मग वर्गातल्या बाकांवर दोन-दोन किंवा तीन-तीन मुलांची नेहमीची बैठक, मग एकाच पंगतीचा पोषण आहार आणि डबा, आणि सर्वांत शेवटी सभागृहातले कार्यक्रम, स्नेहसंमेलन आणि बंद खोलीतल्या पालकसभा. डब्याला बैठकीच्या नंतर ठेवण्याचे कारण सरळ आहे : जेवताना मास्क उतरलेला असतो, बोलणे वाढते आणि मुले एकमेकांच्या डब्यात हात घालतात. शक्य तिथे पंगत झाडाखाली किंवा पडवीत बसवावी. पंचवटीतल्या जुन्या इमारतींत मैदानच नसते. तिथे गच्ची किंवा उघडी पडवी आलटूनपालटून वापरावी लागते आणि मधल्या सुट्टीच्या दोन वेळा काही काळ तशाच ठेवाव्या लागतात.

दोन पायऱ्यांमध्ये दोन आठवडे जाऊ द्यावेत. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत चौदा दिवसांपर्यंत अवधी जाऊ शकतो, आणि त्याच्या आत पुढची पायरी उतरलो तर हजेरीतला फरक कोणत्या बदलामुळे पडला, हे कळायला मार्ग राहत नाही. दिवाळीची सुट्टी मध्ये येत असेल तर तिच्यानंतर शाळा भरली त्या दिवसापासून दोन आठवडे धरावेत, कारण सुट्टीत मुले मामाच्या गावाला, लग्नाला आणि यात्रेला जाऊन आलेली असतात.

मास्क

मास्कबाबत वयाचा विचार आधी करावा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या सूचनांत पाच वर्षे आणि त्याखालील मुलांसाठी मास्कची शिफारसच नव्हती. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांनी तो सुरक्षितपणे वापरता येत असल्यास मोठ्यांच्या देखरेखीखाली वापरावा आणि बारा वर्षांपासून पुढे मोठ्यांसारखाच वापरावा, असे म्हटले होते. म्हणून उतरवतानाही बालवाडी आणि पहिली-दुसरी आधी, वरचे वर्ग नंतर, असा क्रम ठेवावा. लहान मुलांना अक्षरांचे उच्चार बाईंच्या ओठांकडे पाहून शिकायचे असतात. "श" आणि "ष" जाऊ द्या, "प" आणि "ब" यांतला फरकही कापडाआड हरवतो.

शिक्षकांनी ऐच्छिक या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यावा. ज्या मुलाला मास्क काढायचा आहे त्याला अडवू नये आणि ज्याला ठेवायचा आहे त्याला हसू नये, हे दोन्ही त्यात येते. आमच्याकडे आठवीत एक मुलगी होती. तिने सातवी आणि आठवीचे सुरुवातीचे महिने मोबाइलवर काढले होते आणि वर्गातल्या निम्म्या मुलांनी तिचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता. नियम उठल्यानंतर तीन आठवडे ती डबा भिंतीकडे तोंड करून खाई, एक घास घेई आणि मास्क परत वर ओढी. तिच्या वर्गशिक्षिका तिला एक शब्दही बोलल्या नाहीत. त्या फक्त तिच्याच बाकावर, भिंतीकडे तोंड करून, आपला डबा घेऊन बसू लागल्या. पहिला दिवस दोघींनी न बोलता काढला. एप्रिल संपता संपता ती मुलगी मैत्रिणींत वळून बसली. वयात येणारी मुले मास्कमागे पुरळ, दातांच्या तारा, नुकतीच फुटलेली मिसरूड लपवत असतात, त्यामुळे "चला, आता काढा मास्क" असे वर्गासमोर मोठ्याने कधीही म्हणू नये.

काही मुले घरातल्या कोणासाठी तरी मास्क घालतात : कर्करोगाचे उपचार चालू असलेली आजी, डायलिसिसवरचे वडील. हे कारण वर्गात विचारू नये. तसेच कोणी लस घेतली आणि कोणी नाही, याची विचारणाही थांबवावी. १५ ते १८ वयोगटाचे लसीकरण ३ जानेवारी २०२२ पासून आणि १२ ते १४ वयोगटाचे १६ मार्च २०२२ पासून सुरू झाले, तेव्हा शाळांनी याद्या केल्या होत्या. काम झाल्यावर त्या याद्या सूचनाफलकावरून काढून कार्यालयाच्या फाइलमध्ये ठेवाव्यात.

हवा कायम ठेवावी

इथे थोडे सविस्तर लिहितो, कारण या गोष्टीला पैसा कमी लागतो आणि तरी ती सर्वांत आधी विसरली जाते. वीस फूट गुणिले पंचवीस फूट खोलीत पन्नास मुले बसली आणि दारे-खिडक्या बंद असल्या, तर एकाच तासिकेत तिथल्या कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण २००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांतल्या २००० भागांच्या) पुढे सहज जाते. बाहेरच्या मोकळ्या हवेत हे प्रमाण ४२० पीपीएमच्या आसपास असते. हा वायू तेवढ्याने घातक नव्हे, पण त्याचा आकडा म्हणजे आपण दुसऱ्याने सोडलेला श्वास किती प्रमाणात पुन्हा घेतो आहोत, याचे माप आहे. वर्गात तो ८०० च्या आत राहिला तर उत्तम. १००० च्या वर गेला की आणखी एक खिडकी उघडावी. असा मीटर एकच विकत घेऊन आठवड्याला एका वर्गात फिरवला तरी पुरतो, आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी आकडे नोंदवण्याचे काम मुलांकडे दिले तर ते प्रकल्प म्हणून वहीत लागते.

मीटर नसेल तर उदबत्ती वापरावी. मुले वर्गात नसताना ती पेटवून एका बाजूच्या खिडकीपाशी धरावी आणि धूर कुठे जातो ते पाहावे. तो समोरच्या खिडकीकडे किंवा दाराकडे सरळ ओढला गेला तर हवा वाहते आहे. तो छताशी घुटमळत राहिला तर वर्ग कोंदट आहे, मग पंखा कितीही जोरात फिरत असो. छताचा पंखा आहे तीच हवा ढवळतो, नवी आणत नाही. संगणक कक्षातला एसी देखील बहुधा आतलीच हवा थंड करून परत सोडतो. अशा खोलीत एक्झॉस्ट पंखा बसवावा, किंवा परवडत असेल तर हेपा गाळणीचे यंत्र ठेवावे. ही गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या त्याच केंद्राने खोलीतली हवा तासाला किमान पाच वेळा बदलावी, असे लक्ष्य दिले. समोरासमोर दोन खिडक्या उघड्या असलेला आपला साधा वर्ग वारा असताना ते सहज गाठतो, ही आपल्या जुन्या कौलारू शाळांची न मिरवलेली श्रीमंती आहे.

अडचण खिडक्या उघडण्यात असते. फेरी मारताना आम्हाला आढळले की निम्म्या खिडक्यांसमोर लोखंडी कपाटे उभी होती, दोन खिडक्या रंगाने चिकटून बसल्या होत्या आणि एकीच्या आत मागच्या चार वर्षांच्या घटक चाचणीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. कपाटे आडव्या भिंतीला लावणे, सुताराला एक दिवस बोलावणे आणि रद्दी विकणे एवढ्यात वर्गाचे रूप पालटले. कबुतरांची जाळी ठेवायला हरकत नाही. तिच्यातून हवा येते, फक्त तिच्यावरची धूळ महिन्यातून एकदा झाडावी लागते.

नाशिकच्या थंडीचा प्रश्न खरा आहे. निफाडचा पारा एक आकडी झाला की सकाळच्या सत्रात शिक्षकच आधी खिडकी लावतात. त्या दिवसांत वरची तावदाने पूर्ण उघडी, खालच्या खिडक्या दोन्ही बाजूंना वीतभर उघड्या, आणि प्रत्येक तासिका संपली की पाच मिनिटे सगळे सताड उघडे, अशी तडजोड करावी. त्याच दिवसांत गणवेशाच्या रंगाचाच स्वेटर हवा, ही सक्ती सोडावी. घरात असलेला कुठल्याही रंगाचा स्वेटर, कानटोपी आणि शाल चालेल, असे सांगितले की खिडकीविरुद्धच्या निम्म्या तक्रारी थांबतात. इगतपुरी, त्र्यंबकेश्वरकडे पावसाळ्यात झड आत येते; तिथे वाऱ्याच्या उलट बाजूच्या खिडक्या आणि दार उघडे ठेवावे आणि त्या बाजूचे बाक हातभर आत ओढावेत.

आजारी मुलाला घरी राहू द्यावे

साथीच्या दोन वर्षांत आपण पालकांना सांगितले की साधा खोकला असला तरी मूल पाठवू नका, आणि नियम उठताच वार्षिक समारंभात शंभर टक्के उपस्थितीची ढाल परत दिली. ती ढाल मिळावी म्हणून अंगात ताप असताना गोळी देऊन पाठवलेली मुले मी पाहिली आहेत. ते बक्षीस बंद करावे, किंवा वैद्यकीय कारणाची रजा त्यात हजेरी धरावी. नियम एका वाक्यात सांगता यावा : ताप उतरवणारे औषध न घेता पूर्ण चोवीस तास ताप आला नाही आणि मूल एकंदर बरे वाटू लागले, की ते शाळेत येऊ शकते. त्यासाठी डॉक्टरांच्या दाखल्याचा आग्रह धरू नये, कारण त्या कागदासाठी गरीब घराचा दिवसाचा रोज जातो.

हे सांगताना समोर कोण आहे याचे भान ठेवावे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या आई-वडिलांना, किंवा जानेवारी ते मार्चच्या द्राक्ष हंगामात पहाटे दिंडोरी-पिंपळगावच्या बागांत जाणाऱ्या मजुरांना, "मुलाला घरी ठेवा" हे सांगणे सोपे आणि पाळणे अवघड असते. म्हणून प्रत्येक मुलामागे दोन फोन नंबर घ्यावेत, त्यातला एक आजीचा, काकूचा किंवा शेजाऱ्यांचा असावा. शाळेत दोन खिडक्यांची एक खोली, एक खाट, पाणी आणि बादली एवढी सोय आजारी मुलासाठी असावी. शिक्षक कक्षाचा कोपरा त्यासाठी वापरू नये. तापातल्या मुलाला भरलेल्या रिक्षातून घरी पाठवू नये. रिक्षावाले काका नियम बदलले की सर्वांत शेवटी ऐकतात, पण सर्वांत जास्त मुले त्यांच्याच गाडीत दाटीने बसतात, त्यामुळे त्यांना बैठकीला बोलवावे आणि रिक्षाचे पडदे कोरड्या दिवसांत गुंडाळलेले ठेवायला सांगावे. बुडालेला अभ्यास बाकावरच्या सोबत्याच्या वहीवरून उतरवून घ्यावा. त्यासाठी नवी योजना नको.

पालकांना कसे सांगावे

२०२१ च्या एप्रिलमध्ये नाशिकने काय पाहिले, हे विसरून पालकसभा घेऊ नये. २१ एप्रिल २०२१ रोजी ऑक्सिजनच्या टाकीतून गळती होऊन शहरात २० हून अधिक रुग्ण दगावले, आणि त्या महिनाभरात खाटेसाठी आणि इंजेक्शनसाठी रात्र रात्र फिरलेले लोक आज आपल्या समोरच्या खुर्च्यांवर बसतात. आई किंवा वडील गमावलेली मुले बहुतेक शाळांत आहेत. त्यामुळे मास्क उतरवण्याच्या दिवशी फुगे, रांगोळी, "मुक्ती" असले शब्द आणि वर्तमानपत्रासाठीचा फोटो टाळावा. आमच्याकडे एका उत्साही सहकाऱ्याने मास्कची होळी करण्याचे सुचवले होते. ते झाले नाही, याबद्दल मी अजून देवाचे आभार मानतो.

पत्र छोटे असावे आणि ते मुलांच्या हाती घरी जावे. साधारण मजकूर असा : "सप्रेम नमस्कार. शासनाच्या आदेशानुसार आणि समितीच्या ठरावानुसार सोमवारपासून वर्गात मास्क ऐच्छिक राहील. ज्यांना तो वापरायचा आहे त्यांनी अवश्य वापरावा. वर्गाच्या खिडक्या उघड्या राहतील, म्हणून थंडीत मुलांना गरम कपडे द्यावेत. ताप, खोकला किंवा उलट्या असल्यास मुलाला घरी ठेवावे. हजेरीवर परिणाम होणार नाही. वर्गात आजारपण वाढल्यास त्या वर्गापुरते काही नियम थोडे दिवस परत लागू होऊ शकतात, तसे आपणास आधी कळवू. शंका असल्यास दुपारी चार ते पाच या वेळेत कार्यालयात भेटावे." भेटायला वेळ दिली की ती पाळावी. पहिल्या आठवड्यात पाच-सहा पालक येतात, त्यातले दोन रागावलेले असतात : एक नियम का उठवला म्हणून, दुसरा इतके दिवस का ठेवला म्हणून.

परतीची अट आणि वहीची जागा

हजेरीपत्रकात गैरहजेरीसमोर आजारपणाचे कारण एका अक्षराने लिहायची सवय लावावी : ताप, खोकला, जुलाब, पुरळ. साठ मुलांच्या वर्गात एरवी चार-पाच गैरहजर असतील आणि एकाच प्रकारच्या आजाराने सलग तीन दिवस त्याच्या दुप्पट मुले येईनाशी झाली, तर शहरात महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्राला आणि गावात प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावे. हा आकडा माझ्या अनुभवाचा आहे. आपल्या शाळेचा नेहमीचा आकडा पाहून समितीने तो बदलावा. परत लावायचे असेल तेव्हा त्या वर्गापुरते, दहा दिवसांसाठी आणि उतरवण्याच्या उलट क्रमाने लावावे : आधी खिडक्यांची तपासणी आणि डबा बाहेर, मग त्या वर्गात मास्कची विनंती, आणि तरीही थांबले नाही तर बैठक विरळ. फवारणी परत आणू नये. संपूर्ण शाळा बंद करण्याचा निर्णय मुख्याध्यापकाने एकट्याने घेऊ नये. फ्लूसाठीही हीच वाट चालते.

शेवटची पायरी उतरल्यावर वही बंद करून आवक-जावक नोंदवहीशेजारी ठेवावी आणि तिच्यासोबत आदेशाची प्रत, ठराव आणि पालकांचे पत्र टाचावे. माझ्या निवृत्तीच्या वेळी चार्ज यादीत मी ती स्वतंत्र ओळ म्हणून घातली : "साथकाळ उपाययोजना नोंदवही, एक नग, पाने ९६, त्यांपैकी लिहिलेली ४१." माझ्या जागी आलेल्या बाईंनी सही करण्याआधी ती उघडून पाहिली, "परतीची अट" हा रकाना कशाचा, असे विचारले आणि मग आम्ही दोघे तिच्यावर अर्धा तास बसलो.